शौकिनांच्या बाकावर अंबाक्का

बेळगावलगतच्या शहापुरात विणकरांच्या गल्लीतलं शेवटचं घर जोतिबाचं. त्याच्या परसाला लागून तालीम. मधली भिंत छातीएवढी. अंबूबाई लग्न होऊन वडगावहून या घरात आली, तेव्हा पहिल्याच पहाटे मागून धप्प, धप्प असे आवाज आले. ती दचकून माजघरात आली.

"अवो, मागं कोनतरी कुनालातरी मारायलंय."

जोतिबा मागावर बसला होता. हातातला धोटा न थांबवता तो म्हणाला, "व्हय. रोजच मारत्यात."

जोतिबाचं बोलणं जन्मभर एवढंच. अंबूबाईचं मात्र तसं नव्हतं. भीती गेली, मग कुतूहल आलं, आणि वर्ष सरायच्या आत तिला त्या आवाजांची अशी चटक लागली की एखाद्या पहाटे तालीम बंद असली तर तिला दिवस सुरू झाल्यासारखाच वाटेना. रहाटावर कांड्या भरता भरता ती ऐकत बसायची. शड्डू कुणाचा, धाप कुणाची, जोर मारताना लबाडी कोण करतंय, सगळं तिला भिंतीच्या अलीकडून कळायचं.

तालमीचे वस्ताद भरमूआण्णा. आखाड्याची माती मऊ राहावी म्हणून तिच्यात तेल, हळद, लिंबू आणि ताक घालतात. तालमीकडं दूधदुभतं नव्हतं, अंबूबाईकडं एक म्हैस होती. दर शनिवारी ताकाची घागर भिंतीवरून पलीकडं जायची आणि घागर परत येताना तालमीची बातमी घेऊन यायची. पोरांनी तिला अंबाक्का म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळं शहापूरच तिला अंबाक्का म्हणू लागलं.

पण तिनं कुस्ती कधी बघितली नव्हती. तालमीत बायकांनी जायचं नाही, मैदानात तर नाहीच. असा नियम कुणी केला होता असं नाही. तसा प्रश्नच कधी कुणाला पडला नव्हता. वर्षातून एकदा जत्रेत जंगी कुस्त्या व्हायच्या तेव्हा अंबाक्का परसातल्या लाकडाच्या ढिगावर उभी राहून लांबून येणारी हलगी ऐकायची. हलगी चढली की तिचा जीव चढायचा, लोकांचा गलका उठला की ती एकटीच टाळ्या वाजवायची. कोण जिंकलं, हे कळायला मात्र जोतिबा घरी येईपर्यंत थांबावं लागे.

जोतिबाला मैदानात मान होता. पहिल्या नंबरच्या पैलवानाला जो जरीकाठी पटका बांधायचे तो जोतिबाच्या मागावरचा असायचा, म्हणून त्याला अगदी पुढच्या बाकावर बसवत. तो संध्याकाळी घरी आला की अंबाक्का दारातच उभी.

"काय झालं?"

"कशाचं?"

"कुस्तीचं वो!"

जोतिबा टोपी खुंटीला अडकवून विचार करायचा. "एक पडला. एक जिंकला."

"आवो पर कसा पडला?"

"पाठीवर."

त्या दिवशी अंबाक्का भाकरी इतक्या जोरात थापायची की शेजारच्या दुर्गाबाईंना भिंतीपलीकडून कळायचं, जोतिबा मैदानातून आला.

त्याच तालमीत निपाणीकडचा रायगोंडा आला. जैनाचं पोर, घरी तमाखूची शेती, अंगानं वाड्याच्या दरवाजासारखं आणि स्वभावानं गाईसारखं. घरी कानडी बोलायचा, तालमीत मराठी, आणि लाजला की दोन्ही विसरायचा. इतर पैलवानांना मटण लागायचं. हा दूध, तूप, बदाम आणि ज्वारीच्या भाकरीवर उभा. ताकाची घागर परत द्यायला तोच भिंतीशी यायचा, आणि अंबाक्का त्याच्या हातावर लोण्याचा गोळा ठेवायची. तिला मूलबाळ नव्हतं. तिनं त्या पोरावर जीव लावला. पुढं रायगोंडाचं नाव झालं, मिरजेला, धारवाडला त्याच्या कुस्त्या गाजल्या, तेव्हा अंबाक्का शनिवारचा उपास धरू लागली. उपास मारुतीचा, पण नाव रायगोंडाचं.

आता अप्पासाहेबांविषयी सांगायला हवं. हे बेळगावच्या खडेबाजारात राहणारे वकील. कोर्टात ते जेमतेम बोलत, पण कुस्तीचा विषय निघाला की त्यांच्या तोंडाला धार यायची. कोणत्या पैलवानानं कुणाला, कुठल्या मैदानात, कोणत्या डावावर चीत केलं, हे त्यांना तोंडपाठ. त्यांचं एकच दुःख होतं. मैदानात पुढच्या जागा पकडून बसणारी माणसं शेंगा फोडत गप्पा मारतात आणि नेमका डाव पडतो तेव्हा दुसरीकडं बघत असतात, हे त्यांना सहन व्हायचं नाही. म्हणून त्यांनी शहापूरच्या पंचांना पटवून शौकीन मंडळ काढलं. आखाड्यालगतची बाकं मंडळाची. त्यावर बसायचं तर अप्पासाहेबांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची.

ही परीक्षा भलतीच कडक होती. एकलांगी हे डावाचं नाव, पण एका मोठ्या कापडवाल्यानं ती धोतर नेसायची तऱ्हा सांगितली आणि तो मागं गेला. एक सरकारी अंमलदार डाव बरोबर सांगून गेला, पण पैलवानाचं गाव चुकला, तोही मागं. अप्पासाहेबांनी स्वतःच्या मेहुण्यालासुद्धा नापास केलं आणि त्यांची बहीण भाऊबीजेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. पण माणूस खोटा नव्हता. कुस्ती ही बघणाऱ्यानं शिकायची विद्या आहे, असं त्यांना मनापासून वाटे.

त्या साली जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती रायगोंडाची ठरली. समोर चिकोडीचा चंद्रप्पा. मोठा हसरा गडी, आणि तेवढाच वाघ. मानाच्या पैलवानानं आपल्या घरचं एक माणूस पुढच्या बाकावर बसवायचं अशी तिथली रीत. रायगोंडाचे वडील लहानपणीच गेलेले. पंचांनी विचारलं, "तुझ्याकडनं कोन बसनार?"

रायगोंडा म्हणाला, "अंबाक्का."

पंच एकमेकांकडं बघू लागले. बाईमाणूस मैदानात, आणि तेही पुढं! नाही म्हणायचं कुणी, हे ठरेना. शेवटी त्यांनी ते घोंगडं अप्पासाहेबांच्या गळ्यात टाकलं. अप्पासाहेब म्हणाले, "बाई का पुरुष हा माझा प्रश्न नाही. बाक शौकिनांचं आहे. मी त्यांना विचारीन. उत्तरं आली तर बसतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते टांग्यानं शहापुरात आले आणि जोतिबाच्या कट्ट्यावर बसले. गल्लीतले माग एकेक करून थांबले. बायका उंबऱ्यात, पुरुष रस्त्यात, तालमीची पोरं भिंतीवर. अंबाक्का पदर खोचून दारात उभी राहिली. तिला वाटलं, वकील चहाला आलेत.

"बाई," अप्पासाहेबांनी घसा साफ केला, "ढाक म्हणजे काय?"

"ढाक? तेरड्यासारखं फुलझाड असंल."

भिंतीवरची पोरं खाली पडता पडता राहिली. अप्पासाहेब गंभीर.

"कलाजंग?" त्यांनी दुसऱ्या डावाचं नाव घेतलं.

"ते चिकोडीच्या म्होरलं गाव न्हवं?"

"बरं. आजवर किती कुस्त्या पाहिल्यात?"

"एक बी न्हाय."

आता सगळी गल्लीच हसली. अप्पासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मग तुम्ही स्वतःला शौकीन कसं म्हणवता?"

"मी कवा म्हटलं? तुमीच म्हनायलाय. मला आमच्या रायगोंडाची कुस्ती बघायची हाय, येवढंच." मग ती थोडी पुढं आली. "अप्पासाहेब, एक विचारू? रायगोंडा पडला तर त्या दिशी तुमाला जेवान जाईल काय?"

अप्पासाहेबांनी वकिली उत्तर दिलं नाही. ते म्हणाले, "जाईल."

"मला न्हाय जायाचं."

अप्पासाहेब सावकाश म्हणाले, "बाई, हे प्रेम झालं. ते मोठंच आहे. पण शौक वेगळा. समोरच्यानं आपल्या माणसाला पाडलं, तरी त्याच्या डावाला ज्याची मान डुलते, तो शौकीन. तुम्ही रायगोंडा बघाल. कुस्ती बघणार नाही."

अंबाक्काला ते खरं वाटलं. ती आत वळली.

तेवढ्यात मागच्या खोलीतून जोतिबा बाहेर आला. गल्लीतल्या लोकांनी त्याला चार माणसांत बोलताना पहिल्यांदाच पाहिलं.

"अप्पासाहेब, माझी परीक्षा कवा घेतलासा?"

"तुमची? तुम्ही पटका विणता. तुमचा मान आहे."

"मी दरसाल तितं झोपतो."

"काय?"

"पयल्या कुस्तीला डोळा लागतो. गलका झाला की उठतो. बाक चांगलं हाय." जोतिबानं बायकोकडं बघितलं. "माझी जागा हिला द्या. मी घरात झोपतो."

हसण्याचा असा लोट उठला की तालमीतून भरमूआण्णासुद्धा बाहेर आले. अप्पासाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांच्या मिशा हलू लागल्या आणि शेवटी तेही हसले. "बाई नापासच आहेत," ते उठता उठता म्हणाले, "पण जागा जोतिबांची आहे. ती त्यांनी कुणाला द्यायची, हे मी कोण ठरवणार?"

जत्रेच्या दिवशी अंबाक्का नेसली ती घरच्या मागावरची अंजिरी साडी. सोबतीला दुर्गाबाई. दोघी मैदानात शिरल्या तशी माणसं बाजूला होत गेली, वाऱ्यानं शाळू वाकावा तशी. कुणी कुजबुजलं, कुणी शिट्टी मारली, पण भरमूआण्णांनी त्या बाजूला एकदा नुसतं बघितलं आणि शिट्टी बंद झाली. अंबाक्का अप्पासाहेबांच्या शेजारी बसली. समोर लाल माती. तिच्या ताकाची माती.

लहान कुस्त्या झाल्या. उन्हं कलली. हलगी कडाडली आणि रायगोंडा, चंद्रप्पा मैदानात उतरले. दोघांनी शड्डू ठोकले, माती कपाळाला लावली, हाताला हात भिडले.

थोड्या वेळानं अप्पासाहेबांनी शेजारी बघितलं, तर अंबाक्का डोळे घट्ट मिटून बसलेली.

"अहो, डोळे मिटायला आलात होय?"

"उघडलं की कायच कळंना वो! दोघांचं एकच गाठोडं झालंय. हात कुनाचा, पाय कुनाचा! मिटलं म्हंजे मला रायगोंडाचा श्वास ऐकू येतोय."

अप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाले, "उघडा. हातांकडं बघू नका. कंबरेकडं बघा. ज्याची कंबर खाली, तो भक्कम."

अंबाक्कानं एक डोळा उघडला. मग दुसरा.

"आता आपला खाली हाय. म्हंजे भक्कम न्हवं?"

"नाही, नाही! आता तो खाली म्हणजे वाईट."

"आत्ताच तर खाली म्हंजे भक्कम म्हटलासा!"

मागच्या रांगेतले लोक कुस्ती सोडून यांच्याकडं बघू लागले. पण एवढ्यात खरोखरच वाईट वेळ आली. चंद्रप्पानं रायगोंडाला मातीवर पालथं दाबून वर मांड ठोकली होती आणि तो त्याला हळूहळू उलथत होता. एक खांदा टेकला. दुसरा टेकायला वीतभर अंतर. मैदान चिडीचूप झालं. हलगीवाल्याचा हातसुद्धा वर राहिला.

अंबाक्का ताडकन उभी राहिली आणि परसात भिंतीशी उभी राहून हाक मारावी तशी ओरडली, "रायगोंडा, ऊठ की रं! लोनी देतो! गोळाभर देतो!"

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग सगळं मैदान हसण्यानं फुटलं. आणि त्या सगळ्यांत आधी हसला तो चंद्रप्पा. हसता हसता त्याची पकड ढिली पडली, आणि रायगोंडा माशासारखा खालून निसटून उभा राहिला.

टोप्या उडाल्या. रायगोंडाची माणसं नाचू लागली. चिकोडीची माणसं "फसवनूक! फसवनूक!" म्हणत उठली. पंच भांबावले. अप्पासाहेब नियम आठवू लागले, पण लोण्याविषयी कुठलाच नियम त्यांना आठवेना.

अंबाक्का सरळ आखाड्याच्या कडेला गेली. पंचांना म्हणाली, "ह्ये बरोबर झालं न्हाय. मी हासवलं म्हनून त्यो सुटला. पयलं हुतं तसंच परत धरू द्या."

"अंबाक्का!" भरमूआण्णा ओरडले. "आपला पडंल की गं!"

"पडंल तर पडंल. पर त्या पोरानं घाम गाळून धरलं हुतं. माझ्या वरडन्यानं सुटायला रायगोंडा काय म्हैस हाय?"

अप्पासाहेब बाकावरून उठून उभे राहिले होते. पंचांनी चंद्रप्पाकडं बघितलं. तो अजून हसतच होता, त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "र्‍हाऊ दे, आक्का. हासलो ती चूक माझी. उभ्यानं धरतो परत."

"मला बी आसलं सुटनं नको," रायगोंडा म्हणाला.

कुस्ती उभ्यानं परत लागली. आता दोघंही असे खेळले की मागच्या रांगाही उठून उभ्या राहिल्या. रायगोंडानं दोनदा पट काढला, चंद्रप्पानं दोनदा सोडवला. आणि मग चंद्रप्पानं रायगोंडाच्या मानेला हात घातला, बगल पकडली, पाय आत टाकून अशी गिरकी घेतली की तो दरवाजाएवढा गडी हवेत गोल फिरला आणि पाठीवर येऊन पडला. चितपट.

अंबाक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पदर तोंडाला लावून ती अप्पासाहेबांकडं वळली.

"ह्ये काय केलं वो त्यानं?"

अप्पासाहेबांची मान डुलत होती. "हीच ती ढाक, बाई."

अंबाक्का मातीकडं बघत राहिली. चंद्रप्पा हात देऊन रायगोंडाला उठवत होता. रडता रडताच ती म्हणाली, "लई भारी हाय की!"

अप्पासाहेबांनी तिला हात जोडले. "पुढच्या सालापासून जोतिबांना त्यांचं बाक परत," ते म्हणाले. "तुमचं तुम्हाला वेगळं."

त्या संध्याकाळी अंबाक्का चुलीपुढं नुसती बसून होती. तेवढ्यात परसातल्या भिंतीवरून दोघं पैलवान उड्या टाकून आत आले, रायगोंडा आणि चंद्रप्पा. जिंकलेल्याच्या डोक्यावर जोतिबाचा पटका. "आक्का, मैदानात लोन्याचं बोललीस. आता दे," रायगोंडा म्हणाला. चंद्रप्पा म्हणाला, "आनी मला बी. मी हासलो नसतो तर तुझं लोनी वाचलं असतं." भाकऱ्या संपल्या, पीठ संपलं, दुर्गाबाईंकडून पीठ आलं. चौघांच्या पंगतीत अंबाक्काही जेवली. जोतिबा जेवता जेवता तीनदा बोलला, असं ती पुढं कौतुकानं सांगायची.

त्यानंतर अंबाक्काचं मैदान एकदाही चुकलं नाही. डावांची नावं तिच्या तोंडात कधी बसली नाहीत. ती आपल्या मागावरची नावं वापरायची. कुणी चपळाईनं पायातून निसटलं की "धोटा मारला!", कुणी अडकून पडलं की "सूत गुतलं!" अप्पासाहेब आधी दरवेळी सुधारायचे. मग कंटाळून सोडून दिलं. मग एके दिवशी खडेबाजारात चार जाणकारांपुढं ते स्वतःच म्हणून गेले, "मिरजेच्या त्या पैलवानानं काय सुंदर धोटा मारला!" आणि चौघं तोंडाकडं बघत राहिले. परीक्षाही हळूहळू बदलली. डाव विचारायचेच, पण उत्तर चुकलं की ते आणखी एक प्रश्न विचारत, "शेवटच्या कुस्तीत तुम्हाला काय आवडलं?" जो हे डोळे मोठे करून, हातवारे करून सांगायला लागे, त्याला ते बाकाच्या टोकाला का होईना, जागा देत. मेहुणाही असाच आत आला.

पाठोपाठ बायकाही येऊ लागल्या. आधी दुर्गाबाई, मग गल्लीतल्या दोघी, मग वडगावच्या. त्यांच्यासाठी आखाड्याच्या एका अंगाला जाजम टाकलं गेलं. आणि गंमत अशी की अंबाक्काच आता कडक झाली. नवी कुणी आली की विचारायची, "कुस्ती बघाय आलीस का जत्रंतल्या बांगड्या दावाय?" एकदा मनुबाई नावाच्या नव्या सुनेला तिनं असंच विचारलं. मनुबाई ठसक्यात म्हणाली, "दोनी. बांगड्या वाजवल्याशिवाय टाळी मोठी हुईत न्हाय." अंबाक्का एवढी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतर तिनं कुणालाच काही विचारलं नाही.

रायगोंडानं काही वर्षांनी कुस्ती सोडली आणि निपाणीकडं आपल्या गावी तमाखूच्या शेतीत लक्ष घातलं. त्याचं लग्न झालं, बायको राजमती. देश स्वतंत्र व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात त्याच्या गावच्या जत्रेला त्यानं अंबाक्काला आणि जोतिबाला बोलावून घेतलं. दोघांचेही केस पांढरे झाले होते. तिथं कुस्त्या नव्हत्या, बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. अंबाक्कानं तसली शर्यत जन्मात पाहिली नव्हती. धुळीचा लोट उठला, घुंगरं वाजली, आणि गाड्या माळावर दिसताच ती कडेला सोडलेल्या बैलगाडीवर चढून उभी राहिली.

"पळ रं पांढऱ्या! पळ माझ्या राजा!"

राजमतीनं तिचा पदर ओढला. "आक्का, आपली जोडी ती न्हवं. आपली तांबडी. ती मागं हाय."

"आसू दे गं," अंबाक्का खाली न बघताच म्हणाली, "पांढरा किती गोड पळायलाय बघ तरी!" आणि तिनं जोतिबाला हात देऊन वर ओढून घेतलं.